न्हाणीघरातली भट्टी

शिकागो किंवा न्यू जर्सीतल्या बहुतेक मराठी घरांच्या तळघरात एक भट्टी असते. 'फर्नेस' म्हणतात तिला. हिवाळाभर ती गॅस जाळून अख्खं घर उबदार ठेवते. बर्फ वितळला की घरातलं कुणीतरी खाली उतरतं, नाहीतर कारागीर बोलावतं. फिल्टर बदलायचा, ज्योत निळी आहे ना ते बघायचं, धूर बाहेर नेणारा पाइप तपासायचा. व्हिडिओ कॉलवर हे सगळं ऐकताना आपण इकडे वसईजवळच्या चिंचोटीत पंख्याखाली बसलेलो असतो. मनात म्हणतो, बरं आहे बाबा, आपल्यामागे ही भानगड नाही.

नाही कशी? जरा बाथरूममध्ये जाऊन भिंतीकडे बघा.

दीड फूट उंच आणि फूटभर रुंद पत्र्याचा डबा. पुढे ज्योत दिसावी म्हणून छोटी खिडकी, खाली दोन-तीन नॉब, शेजारून वर गेलेली नारिंगी नळी. हा गॅस गिझर म्हणजे आपली भट्टी. नायगाव पूर्वेच्या टॉवरपासून कामण रस्त्याच्या चाळींपर्यंत तो घरोघरी आहे. डिसेंबर-जानेवारीत तुंगारेश्वरच्या डोंगरावरून पहाटेचा गारवा खाली उतरला की तो कामाला लागतो आणि फेब्रुवारी सरता सरता बहुतेक घरांत गप्प होतो. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक त्याला बांधलं जातं आणि पावसाळ्यापर्यंत त्याची कुणाला आठवण राहत नाही.

हा डबा किती ताकदीचा आहे, याचा हिशेब कधी केलाय? मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवायचं, तर साडेदहा किलोवॅट उष्णता लागते. विजेवरचा इन्स्टंट गिझर साधारण तीन किलोवॅटचा असतो, म्हणजे असे साडेतीन गिझर एकाच वेळी चालू केल्यासारखं झालं. दीड टनी एसीची वीज मोजली तर सहा एसी! आणि हे सगळं खोबणीत बसलेल्या दोन बॅटरी सेलच्या भरवशावर.

आता एकाच बादलीचं बघू. वीस लिटर पाणी, टाकीतून येताना २० अंश, अंघोळीला ४०. एवढ्या उष्णतेची सगळी ऊर्जा उचलायच्या कामी लावता आली, तर साठ किलोचा माणूस किती उंच जाईल? अंदाज करा. तिसरा मजला? बिल्डिंगची गच्ची? उत्तर आहे २,८०० मीटरहून जास्त. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. रोज सकाळी आपण अंगावर ओतून गटारात सोडतो, ती ऊब एका माणसाला महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरापर्यंत नेऊन त्याच्याही वर किलोमीटरभर चढवायला पुरली असती. आणि त्यासाठी सिलिंडरमधला गॅस किती गेला? चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. ओंजळभर पोह्यांच्या वजनाचा.

फुकटात गरम पाणी हवं असेल तर तीही सोय आपल्याच पंचक्रोशीत आहे. हायवेने शिरसाड फाट्यापर्यंत जा, उजवीकडे वळा आणि वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी गाठा. तानसा नदीच्या काठी पाणी आपलं आपण वाफाळत वर येतं. तिथे ज्वालामुखी नाही की आग नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापमान वाढत जातं, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून परत येतं. त्या गिझरला सर्व्हिसिंग लागत नाही. आपल्या गिझरला लागतं, आणि ते का लागतं हे समजायचं तर तोटी फिरवल्यावर त्या डब्यात काय काय घडतं ते एकदा बघायला हवं.

तोटी फिरवली. पाणी गिझरमध्ये शिरलं, पण अजून गॅस सुटलेला नाही. का? कारण आत कुणीतरी पाण्याची वाट बघत बसलंय. तळहाताएवढी काळी रबरी चकती. तिला डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या वाटेत मुद्दाम एक अरुंद गळा ठेवलेला असतो. पाणी तिथून घाईने जातं आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. हे गणित डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडलं होतं. चकतीच्या एका बाजूला तो उतरलेला दाब पोचवलेला असतो, दुसऱ्या बाजूला टाकीचा पूर्ण दाब. दोन्हींतल्या फरकाने चकती फुगते, एक दांडी पुढे ढकलते, दांडी गॅसची झडप उघडते आणि त्याच धक्क्यात एक बारीकसा स्विचही दाबला जातो. पाणी थांबलं की फरक संपला, चकती सपाट आणि गॅस बंद. ना वीज, ना संगणक. पाणी वाहतंय की नाही हे रबराचा एक तुकडा ओळखतो.

सगळ्यांत वरच्या मजल्यावर गिझर पेटत नाही म्हणून लोक कंपनीला शिव्या घालतात. गिझर बिघडलेला नसतो. टाकीतल्या पाण्याची पातळी गिझरच्या वर दोन-अडीच मीटर तरी हवी, तेव्हा कुठे चकती फुगण्याइतका दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी अगदी डोक्यावर असते, त्यात ती अर्धी रिकामी. चकती बिचारी जागची हलत नाही.

स्विच दाबला गेला की 'टक टक टक टक' सुरू होतं. दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, म्हणजे मिळून तीन व्होल्ट, त्यांचे आतलं छोटं सर्किट हजारो व्होल्ट करून टाकतं आणि सुईच्या टोकावरून ठिणगी उडते. फप्प! बर्नर पेटला.

पण तो पेटला हे गिझरला कसं कळलं? त्याला डोळे नाहीत. समजा, ठिणगी पडली आणि गॅस पेटलाच नाही, तर तो बाथरूमभर पसरेल. म्हणून बर्नरवर आणखी एक सुई उभी असते. आणि इथे मला दर वेळी नव्याने नवल वाटतं: ती सुई ज्योतीतून वीज वाहते का ते बघते. होय, ज्योत वीज वाहून नेते! गॅस जळताना काही रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, ज्योतीत विद्युतभारित कण फिरू लागतात आणि आगीची तार होते. प्रवाह अगदी नगण्य, काही मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजायचा. तो सापडला तर सर्किट म्हणतं, चालू द्या. तुटला तर काही क्षणांत गॅसची झडप बंद.

'पेटतो आणि लगेच विझतो' ही गॅस गिझरबद्दलची नेहमीची तक्रार आहे. बऱ्याचदा त्यामागे एवढंच असतं, की त्या सुईवर काजळी किंवा गंज चढलाय. ज्योत आहे, तार मात्र तुटलीय. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने सुई हलकेच पुसली की गिझर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. माहीतगार मेकॅनिक हे पाच मिनिटांत करून देतो. न माहीत असलेला नवं सर्किट बसवून जातो.

आता ज्योतीच्या वर बघा. तिथे तांब्याची पेटी असते, तिच्यात तांब्याच्या पातळ पत्र्यांची दाट जाळी आणि तिला वेढे घालत जाणारी पाण्याची नळी. गॅसची ज्योत १,९०० अंशांच्या घरात आणि तांबं १,०८५ अंशांना वितळतं. मग ही पेटी रोज सकाळी वितळून खाली का गळत नाही? पाण्यामुळे. तांबं उष्णता इतक्या चपळाईने पलीकडे पोचवतं आणि पाणी ती इतक्या चपळाईने घेऊन जातं, की पत्र्याला तापायला सवडच मिळत नाही.

हे गुपित आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. वसईच्या जुन्या घरांत मागच्या दारी तांब्याचा बंब असायचा. मधोमध नळकांडं, त्यात बंबफोड, नारळाची सोडणं, करवंट्या, गोवऱ्या. भोवती पाणी. खाली राख पडायला जाळी, वर धुराडं. आग पाण्याच्या पोटात ठेवायची, म्हणजे तिची ऊब जाईल कुठे? अक्कल तीच, फक्त गिझरमध्ये ती आडवीतिडवी घडी घालून बसवली. बंबाचा पहिला कायदाही तोच: पाणी भरल्याशिवाय पेटवायचा नाही, नाहीतर सांध्यांचा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. बंब पेटवणाऱ्या पोरांना हे ओरडून सांगावं लागायचं. गिझरमध्ये ते ओरडायचं काम रबरी चकती करते.

गॅसवर पाणी तापवायची ही कल्पना लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगाऱ्याची. साल १८६८. त्याच्या यंत्रात जळालेले गरम वायू थेट वाहत्या पाण्यातून वर काढले जात. पाणी झटक्यात तापायचं. फक्त एकच गोष्ट करायची राहिली होती: ते वायू खोलीबाहेर नेणारं धुराडं. दीडशे वर्षांनंतर वसई-विरारमधल्या किती बाथरूमांत ते धुराडं आहे, ते तुम्हीच मोजा.

कारण खरी नवलाई ज्योतीत आहे, आणि धोकाही तिथेच.

सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, प्रोपेन आणि ब्युटेन. तो पूर्ण जाळला की काय उरतं? काहीच नाही, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे २२ किलो पाणी तयार होतं. हो, पाणी! आगीतून पाणी. थंडीत गिझर लावल्यावर आरशावर जी वाफ जमते, तिच्यातली थोडी शॉवरची नसून सिलिंडरमधल्या गॅसपासून तयार झालेली असते. पण १४ किलोचे ६५ किलो झाले कसे? जादाचे पन्नासएक किलो आले कुठून? हवेतून. ज्वलन म्हणजे गॅस आणि प्राणवायू यांचं लग्न, आणि या लग्नात गॅसपेक्षा प्राणवायूचं वजन तिपटीहून जास्त.

एक किलो गॅस जाळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. पूर्ण ताकदीने चाललेला सहा लिटरचा गिझर तासाला किलोभराच्या आसपास गॅस खातो. आपलं बाथरूम केवढं? पाच फूट बाय चार फूट, उंची नऊ फूट. त्यात हवा मावते पाच घनमीटर. दार-खिडकी पक्की बंद असेल तर या हिशेबाने पंचवीस मिनिटांच्या आत त्या खोलीतला सगळा प्राणवायू एकट्या गिझरला लागेल. बऱ्याच गिझरमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, ती उगाच नाही.

आणखी एका बाजूने बघा. नुसता बसलेला माणूस शंभर वॅटच्या आसपास उष्णता टाकतो, तीसुद्धा प्राणवायू वापरूनच. इंधन जेवणातलं असो वा सिलिंडरमधलं, एका किलो प्राणवायूमागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. म्हणजे गिझर चालू करून तुम्ही बाथरूमची कडी लावता, तेव्हा प्राणवायूच्या हिशेबाने त्या पाच बाय चारच्या खोलीत तुमच्याबरोबर शंभराहून जास्त माणसं श्वास घेत असतात.

प्राणवायू अगदी संपेपर्यंत प्रकरण थांबत नाही. तो काही टक्क्यांनी उतरला, की ज्योतीचं काम बिघडायला लागतं. पुरेशी हवा असताना ज्योत निळी, ताठ आणि खरखरीत आवाजाची असते. तो निळा रंग ज्वलनात क्षणभर जन्मून मरणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, लांबट आणि लवलवती होते. तो पिवळा रंग न जळालेल्या कार्बनच्या तापलेल्या कणांचा, म्हणजेच काजळीचा. आणि जिथे कार्बन अर्धवट जळतो, तिथे दोन ऐवजी एकच ऑक्सिजन पदरी पडलेला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र त्याचं भलतंच वेड. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट तो हिमोग्लोबिनला चिकटतो. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवून दिलं होतं. विरार लोकलचा रोजचा प्रवासी असाल तर तुम्हाला हे लगेच पटेल. प्राणवायू म्हणजे एका स्टेशनला बसून पुढच्याला उतरणारा सज्जन. कार्बन मोनॉक्साइड एकदा खिडकीची जागा पकडून बसला, की चर्चगेटपर्यंत उठायचं नाव नाही. गाडी धावतेय, डबे भरलेत, पण ज्याने उतरून कामाला लागायचं तो दारातच अडकलेला. श्वास चालू असतो, छाती हलते आणि मेंदूला प्राणवायू पोचत नाही. मोकळ्या हवेत आणलं तरी रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आत. म्हणून अशा माणसाला लिंबूपाणी देऊन घरी झोपवायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

'पण गॅस गळला तर वास येतोच की!' असं कुणी म्हणेल. इथे एक क्रूर गंमत आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. सडक्या कांद्यासारखा जो वास येतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून भयंकर स्फोट झाला, शेकडो मुलं गेली, आणि त्यानंतर गॅसला वास देणं कायद्याने आवश्यक होत गेलं. तो वास न जळालेल्या गॅसचा पहारेकरी आहे. गिझरमध्ये मात्र गॅस पेटतो, त्याच्याबरोबर मरकॅप्टनही जळून जातं. विष तयार होतं तेव्हा पहारेकरी आधीच मेलेला असतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं, उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून असेल. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी बाथरूममध्ये फिट येऊन किंवा बेशुद्ध होऊन पडलेल्या रुग्णांच्या नोंदी केल्या आहेत आणि त्या प्रकाराला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावही पडलंय.

आता जरा विचार करा. आजीच्या बंबातून किती कार्बन मोनॉक्साइड निघत असेल? ओली सोडणं, शेणाच्या गोवऱ्या, डोळ्यांतून पाणी काढणारा धूर. गिझरच्या कितीतरी पट! पण बंब मागच्या दारी, उघड्यावर. पाणी घंगाळात काढायचं आणि अंघोळीला आत न्यायचं. आग बाहेर, माणूस आत. आपण काय केलं? आग स्वच्छ केली, निळी केली, धूर घालवला, आणि मग तिला माणसासोबत एकाच खोलीत घेऊन कडी लावली. माझ्या मते गॅस गिझरमधला खरा बिघाड एवढाच आहे. बाकी यंत्र सुरेख आहे.

त्यात वसई-विरारचे डास. बाथरूमच्या डक्टकडच्या लुव्हरवर थंडीत पुठ्ठा, जुनी जाळी, प्लॅस्टिक, जे हाताशी येईल ते ठोकलेलं असतं. संध्याकाळी डास येऊ नयेत म्हणून, आणि पहाटे गार वारा नको म्हणून. ज्या महिन्यांत गिझर सर्वांत जास्त चालतो, नेमकी त्याच महिन्यांत हवेची वाट बंद!

म्हणून थंडी संपताना मेकॅनिक बोलवा आणि तो काम करतो तेव्हा शेजारी उभे राहा. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. नॉब ओढून निघतात, खालचे-वरचे स्क्रू सुटतात आणि पत्रा बाजूला होतो. पहिलं लक्ष तांब्याच्या पेटीवर. तिच्या पत्र्यांच्या फटींत काळी भुकटी असेल, तर थंडीभर ज्योत नीट जळत नव्हती याचा हा लेखी पुरावा. ब्रशने ती काजळी निघते. मग बर्नरची भोकं. गिझर बंद असताना तिथे धूळ बसते, कोळी जाळं विणतो. एक बारीक जाळं हवेची वाट अडवायला पुरतं आणि ज्योत पिवळी पडते. पाणी शिरतं तिथे बोटाच्या पेराएवढी जाळीची टोपी असते, ती उघडली की टँकरच्या पाण्यातली वाळू आणि टाकीतला गाळ हातावर येतो. मग रबरी चकती. ती मऊ हवी. कडक झाली असेल, कडेला चिरा असतील, तर बदला. किंमत मामुली असते. गिझर वापरायचा थांबला की सेल काढून ठेवा, नाहीतर महिनोन् महिने पडून ते पाझरतात आणि पितळी पट्ट्या खाऊन टाकतात. नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील तर नवी घ्या. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघा. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, म्हणून सांगितलं.

राहिला क्षार. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे चहा पिणारा कुणीही सांगेल. खडू नेमका उलटा वागतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळलेला चुना असतो. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूच तांब्याच्या नळीत आतून चिकटतो. जिथे जास्त तापतं तिथे जास्त साचतो. तांबं उष्णता चपळाईने पोचवत होतं, खडू ती अडवून धरतो. मग गॅस तेवढाच जळतो पण पाणी कोमट, आणि नळीतून केटलीसारखा खदखद आवाज. सूर्या धरणाचं नळाचं पाणी असेल तर बरंच निभावतं. बोअर आणि टँकरवर असाल तर पेटी काढून तिच्यात लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ठेवायला सांगा. बुडबुडे उठतील. ते कशाचे, माहीत आहे? कार्बन डायऑक्साइडचेच. तापल्यावर पाण्यातून तो उडाला म्हणून दगड झाला, आता आंबटाने दगडातला उरलेला उडवला, की दगडाचं परत पाणी. आजी बंब चिंचेने घासायची, तो बाहेरून. तिथे आंबटाने तांब्यावरचा काळा ऑक्साइड जायचा, इथे आतला खडू जातो. काम दोन्हीकडे आम्लाचंच.

शेवटी सगळं जोडून गिझर लावा, बाथरूममधला दिवा घालवा आणि खिडकीतून ज्योत बघा. निळी, ताठ, एकसारखी हवी. पिवळे शेंडे दिसले तर काम झालेलं नाही, मेकॅनिकला पैसे देऊ नका.

हे सगळं पावसाळ्याआधी करू म्हणून ढकलू नका, कारण मध्ये धुळवड येते. थंडीभर थकलेला, काजळलेला गिझर, आणि त्या दुपारी घरातले चौघे-पाच जण एकापाठोपाठ एक रंग खरवडत अर्धा-अर्धा तास आत. एरवी सात मिनिटांत उरकणारी अंघोळ त्या दिवशी उरकत नाही. त्या दिवशी तरी गरम पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग अंघोळीला बसा. दाराला आतून कडी नको, नुसतं लोटून घ्या. दोन अंघोळींच्या मध्ये दार-खिडकी सताड उघडी ठेवा. एक्झॉस्ट फॅन असेल तर उत्तम, पण दाराखाली बोटभर फट नसेल तर तो बाहेर काढणार काय?

आणि जमेल त्याने हे एक करावंच. पुढच्या वेळी प्लंबर घरी येईल तेव्हा गिझर बाथरूमच्या बाहेर काढून हवेशीर जागी, ड्राय बाल्कनीत लावून घ्या, आयएस १५५५८ ची खूण असलेलाच घ्या, आणि गरम पाण्याची फक्त नळी आत न्या. चार-पाच मीटर पाइप आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर लुव्हरवरचा पुठ्ठा तरी आजच काढा. डासांसाठी बारीक जाळी बसवता येते.